बोट लागणे

31 डिसेंबरच्या रात्री बारा वाजले की आमच्या माझगावच्या चाळीत घड्याळाकडे कुणी बघत नसे. बंदरात उभ्या असलेल्या सगळ्या बोटी एकदम भोंगे द्यायच्या. आधी एक, पोटातून आल्यासारखा खोल. मग त्याला ओ दिल्यासारखा दुसरा. आणि मग इतके, की गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला तर तळव्याला थरथर कळायची. बाबा गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणाऱ्या मालाचे नग मोजून लिहून घ्यायचे, हे त्यांचं काम. त्या रात्री ते भोंगे मोजत उभे राहायचे. "हा बीपीएक्सचा, बॅलार्ड पिअरच्या वाढीव धक्क्याचा. हा आऊटरला उभा आहे, बंदराबाहेर, त्याला आत यायला जागा नाही." आम्हाला सगळे भोंगे सारखेच वाटायचे. त्यांना आवाजावरून बोट कुठे आहे ते कळायचं.

1989 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर हळूहळू तिकडे गेले. मुंबई बंदर बंद पडलं नाही, माल अजूनही येतो, तेल येतं; पण बाबांच्या शेडसमोरची ती घाई, ती हातगाड्यांची रांग, तो आरडाओरडा गेला. भोंगे दर वर्षी विरळ होत गेले. बाबा गेले त्याच्या आधीच्या 31 डिसेंबरला आम्ही दोघं गॅलरीत होतो. त्यांनी मोजायला हात वर केला आणि मोजणं एका हातावरच संपलं. "बोटी नसतील तर बंदर कशाला म्हणायचं," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

हे आधीच सांगते, कारण पुढे क्रूझबद्दल जे लिहिणार आहे ते बोटींवर राग धरणाऱ्या माणसाचं नाही. धक्क्याला लागलेली बोट दिसली की माझं पाऊल अजूनही थबकतं.

आता बोटी पुन्हा येताहेत. बॅलार्ड पिअरला पूर्वी विलायतेची मेल बोट लागायची. तिच्यातून उतरलेले प्रवासी धक्क्यालगतच्या मोल स्टेशनात थेट पेशावरच्या गाडीत बसायचे. गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतलेले गांधीजी 28 डिसेंबर 1931 ला इथेच उतरले. त्या जागी आता मोठं क्रूझ टर्मिनल उभं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. 72 काउंटर, एका वेळी 5 बोटी, वर्षाला 10 लाख प्रवासी, अशी त्याची क्षमता सांगतात. त्याच्या वर्षभर आधी केंद्र सरकारने मुंबईतूनच 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. 2029 पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे, हे त्यातलं उद्दिष्ट. बाबा असते तर मला घेऊन नक्की बघायला गेले असते. ग्रीन गेटच्या बाहेर उभे राहून म्हणाले असते, "आली की नाही!"

आईला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा भावाने आणि मी मिळून तिला अशाच एका क्रूझ बोटीने गोव्याला न्यायचं ठरवलं. आईचं माहेर मालवण. बोटीचं नाव काढल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो भाड्याचा नाही, जेवणाचा नाही. "मालवणावरनं जाईल मां ती?"

जाणार, नक्की जाणार, असं मी म्हणाले. नकाशात मुंबई आणि गोवा यांच्या मध्ये मालवण आहे, म्हणजे बोट तिथूनच जाणार. यात मी काही खोटं बोलले नव्हते.

आईच्या त्या प्रश्नामागे आजीची बोट होती. कोकणातली बोट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी ती न बघताच बघितल्यासारखी आहे. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. 'रोहिणी', पुढे 'कोकण सेवक'. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत ती पणजीला पोचायची. मालवणचं बंदर खडकांचं, तिथे मोठ्या बोटीला काठाशी येता येत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे वल्ह्यांच्या होड्या, यायचे. अंधारात, हलत्या शिडीवरून, हलत्या पडावात उतरायचं. आई तीन वर्षांची असताना आजीने तिला वरून खाली एका खलाश्याच्या हातात दिलं, म्हणजे जवळजवळ टाकलंच. त्या खलाश्याच्या अंगाला मासळीचा आणि विडीचा वास येत होता, हे आईला अजून आठवतं. मग ट्रंक उतरायची, वळकटी उतरायची, मुंबईहून आणलेली कापडं, कुणाच्या मनीऑर्डरीचा निरोप. आणि त्याच पडावांतून परत वर चढायचे आंबे, सुकी मासळी, सोलं, नारळ आणि मुंबईला नोकरी शोधायला निघालेली पोरं. आजी म्हणायची, "बोट इली काय सगळो गाव बंदरार."

रस्ते झाले, एसटी वाडीवाडीत पोचली. 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली तोवर या बोटी बंदही पडल्या होत्या. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. त्या प्रवासात माणसं बुडालीही आहेत. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेहून जास्त जीव गेले. सुखाचा प्रवास नव्हताच तो.

आमचा मात्र सुखाचा होता. मावळतीला धक्का सोडला. वरच्या डेकवर गाणी लागली होती, लोक हात उंचावून फोटो काढत होते, मुलं पाण्याच्या हौदात उड्या मारत होती. पंधराएकशे माणसांचं एक गावच हललं म्हणायचं. त्यात खानावळी होत्या, दुकानं होती, नाट्यगृह होतं, दवाखाना होता. रात्री जेवायला बसलो तेव्हा आईने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, मासा कोणता आहे. तो म्हणाला, बासा. आईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. खिडकीबाहेर हर्णै-दाभोळचा समुद्र होता, आणि ताटात दूर कुठल्याशा देशातल्या तळ्यात वाढवलेला, बर्फात गोठवून आणलेला मासा. आईने खाल्ला. अन्नाला नाव ठेवायचं नाही हा तिचा नियम. पण मुलाचं हेल काढून बोलणं तिने बरोबर पकडलं होतं.

"तू खयचो रे?"

"वेंगुर्ल्याचो, काकी."

झालं. पुढचा सगळा प्रवास तो आमचा झाला. त्याची पाळी संपल्यावर रात्री उशिरा तो डेकवर भेटला आणि मी त्याला खोदखोदून विचारत बसले. कारण मला तोवर बोट लागली होती, आणि झोप येणं शक्य नव्हतं. आईने पर्समधून आलेपाकाची वडी काढून दिली. तिची स्वतःची तब्येत ठणठणीत.

'बोट लागणे' हा आपल्याकडे काय विलक्षण प्रयोग आहे. बोट धक्क्याला लागते. माणसाला बोट लागते, म्हणजे पोटात ढवळून येतं. आणि लागणे म्हणजे गरज पडणेही. आजीच्या वेळी बोटीला गाव लागत असे. पाणी लागे, माल लागे, उतारू लागत, पडाव लागत, ते वल्हवणारे खलाशी लागत. आत्ताच्या बोटीला काय लागतं, हे मी त्या मुलाला विचारत होते. तो सांगत गेला आणि माझ्या लक्षात येत गेलं, की हिला फक्त धक्का लागतो.

पाणी ती स्वतःच समुद्राचं गोडं करून घेते. खाणंपिणं आधीच ठरलेल्या पुरवठादाराकडून थंड पेट्यांत येतं. सहल असेल तर बसही ठरलेली. आणि वीज? "बंदरात उभी रवली तरी जनरेटर बंद नाय होणत, काकी. बंद केलो तर एसी बंद, फ्रीज बंद, सगळोच काळोख." मोठ्या क्रूझ बोटीला नुसतं उभं असताना काही मेगावॉट वीज लागते, आणि ती वीज बोट आपलंच तेल जाळून करते.

त्या तेलाबद्दल मी नंतर बरंच वाचलं, आणि त्यातला एक हिशेब डोक्यातून जात नाही. 1 जानेवारी 2020 पासून जगभरच्या जहाजांना त्यांच्या तेलात गंधक जास्तीत जास्त 0.5 टक्के चालतं. आधी 3.5 टक्के चालत होतं, तेव्हा ही मोठीच सुधारणा. पण त्याच वर्षी, 1 एप्रिल 2020 पासून, आपल्या रस्त्यावरच्या डिझेलला बीएस-6 ची मर्यादा आली: दहा लाख भागांत 10 भाग गंधक. भागाकार करून बघा. बॅलार्ड इस्टेटमधून टेम्पो नेणाऱ्या माणसाच्या डिझेलपेक्षा त्याच रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या बोटीच्या तेलात 500 पट गंधक असायला कायद्याची हरकत नाही. युरोपच्या बंदरात बोट बांधून उभी असेल तर तिला 0.1 टक्क्याच्या आतलंच तेल जाळावं लागतं. मे 2025 पासून तर सबंध भूमध्य समुद्रावरच ती मर्यादा आहे. भारताच्या किनाऱ्यावर अशी बंधनाची पट्टी अजून आखलेली नाही. म्हणजे बोट एकच, तिची चिमणीही तीच. बार्सिलोनाच्या माणसाच्या नाकाशी वेगळा नियम आणि माझगावच्या माणसाच्या नाकाशी वेगळा. हे मला मान्य करता येत नाही.

सांडपाण्याचंही असंच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मैल्याचं पाणी बारीक करून, जंतू मारून किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या पुढे सोडता येतं, आणि 12 मैलांच्या पुढे गेल्यावर प्रक्रिया न केलेलंही, बोट चालती असली की. प्लास्टिक मात्र कुठेही टाकायला बंदी आहे. आता मुंबईने या बाबतीत कुणाला शहाणपण शिकवू नये, आपलं शहर स्वतःच खाडीत काय सोडतं ते माहीमच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मुंबईचा मैला थांबवायला निदान महापालिका आहे, न्यायालय आहे, ओरडायला नगरसेवक आहे. तेराव्या मैलावर कोण आहे? तिथे बांगडा आहे, आणि तो पकडणारा माणूस आहे.

पहाटे पाचला आईने मला उठवलं. शाल गुंडाळून तयारच होती. मालवण यायला झालं असणार, असा तिचा अंदाज, आणि तो बरोबर होता. आम्ही डाव्या अंगाच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. डेकवर सफाई करणारी दोन माणसं सोडली तर कुणी नव्हतं. आदल्या रात्रीचे प्लास्टिकचे पेले ते गोळा करत होते, एकात एक घालून, हातभर उंच मनोरे. समोर काळोख होता. खाली पाण्याचा फेस, आणि लांब पाचसहा ट्रॉलरचे दिवे, हिरवट. किनारा दिसत नव्हता. आई बघत राहिली. किल्ला कुठे असेल, दांडीचा किनारा कुठे असेल, ती हाताने दाखवत राहिली, नुसत्या काळोखाकडे. साडेसहाला उजाडलं तेव्हा पूर्वेला धुरकट पट्टी दिसली, ती वेंगुर्ल्याच्याही खालची असावी.

"गेलां मागे," आई म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र तेव्हापासून या सगळ्याबद्दल गप्प बसवत नाही.

क्रूझ टिकाऊ आहे की नाही, ही चर्चा मी बघते ती नेहमी धुराची आणि गर्दीची असते. ती करावीच लागेल. व्हेनिसने ती फार उशिरा केली. 1 ऑगस्ट 2021 पासून 25 हजार टनांवरच्या बोटींना सान मार्कोच्या चौकासमोरून, जुदेक्काच्या कालव्यातून जायला बंदी झाली. त्याआधी वर्षानुवर्षं देवळांच्या घुमटांपेक्षा उंच बोटी घरांच्या खिडक्यांसमोरून सरकत होत्या. बंदीनंतरही बऱ्याचशा बोटी जवळच्या मार्गेराच्या औद्योगिक धक्क्याला लागू लागल्या, म्हणजे दृश्य गेलं, प्रश्न उरला. डुब्रोव्हनिकने 2019 मध्ये बोट कंपन्यांच्या संघटनेशी बोलून एका वेळी दोनच बोटी असं ठरवून घेतलं. अलास्कातल्या ज्युनोची वस्ती तीस-बत्तीस हजारांची. 2024 पासून तिथे दिवसाला 5 मोठ्या बोटींची मर्यादा आहे. बार्सिलोनाने 2025 मध्ये बंदराशी करार केला की 2030 पर्यंत 7 टर्मिनल आहेत त्यांची 5 करायची. या प्रत्येक गावाने आधी बोटींसाठी धक्के बांधले, पायघड्या घातल्या, आणि मग त्यांना बोट लागली. माणसाला लागते तशीच. सुरुवातीला मजा वाटते, मग ढवळायला लागतं, आणि तोवर किनारा लांब गेलेला असतो.

मुंबईची गोष्ट त्यांच्यासारखी नाही, हेही खरं. दोन कोटींच्या आसपास माणसांच्या शहराला दोन-चार हजार पाहुण्यांनी काही होत नाही. चर्चगेटला एका लोकलमधून तेवढी माणसं उतरतात. आमचं दुखणं गर्दीचं नाहीच. आमचं दुखणं असं, की बोट येते आणि शहराला कळतही नाही. मी मुद्दाम दोनदा जाऊन बघितलं. परदेशी बोट आली की गेटमधून वातानुकूलित बस निघतात. गेटवे, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, सीएसएमटीसमोर पाच मिनिटं, आणि जेवायला परत बोटीवर. बाहेर उभा असलेला टॅक्सीवाला मला म्हणाला, सकाळपासून एकच भाडं मिळालं, तेही बोटीवरच्या कामगाराचं, त्याला मोबाइलचं कार्ड घ्यायचं होतं. बाबांच्या वेळी एक बोट लागली की विंचवाले, मुकादम, पोती उचलणारे, ट्रकवाले, कस्टमचे कारकून, चहाची पोरं, सगळ्यांची चूल त्या बोटीवर पेटायची. त्या कामात घाम होता, इजा होत्या, त्याचं सोनं करून सांगायचं नाही मला. पण बोटीचे हात शहराच्या हातात होते.

भाऊच्या धक्क्यावर आई जिच्याकडून वर्षानुवर्षं मासळी घेते ती कोळीण त्या बोटींबद्दल काय म्हणते ते ऐकायला हवं. तिचा मुलगा होडीवर तांडेल आहे. मोठं जहाज चॅनेलमधून यायचं असलं की होड्यांनी बाजूला व्हायचं, त्याबद्दल तिची तक्रार नाही, समुद्राचा तो रिवाजच आहे. जाळं फाटलं तर मात्र भरून कोण देणार, ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. "आनि त्या बोटीला आमचा म्हावरा चालत नाय, बाय," ती म्हणाली. पाटीतल्या बोंबलांवर पाणी शिंपडत, सहज. माझ्या डोळ्यांसमोर आईच्या ताटातला तो बासा आला.

पावसाळ्यात दोघंही थांबतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि मुंबईची क्रूझही साधारण तेव्हाच बंद असते. फरक इतकाच, की क्रूझ पावसाळ्यापुरती पूर्व किनाऱ्याला, चेन्नईला जाऊ शकते. होडी कुठे जाणार? ती शाकारून बंदरातच.

आणि बोटीचा काय भरवसा, हेही आपण बघितलेलं आहे. एप्रिल 2019 मध्ये 'कर्णिका' नावाची बोट मुंबईहून सुरू झाली, मोठा गाजावाजा झाला. 1990 सालची बोट, आधी दुसऱ्या नावांनी दुसऱ्या समुद्रांत फिरलेली. 2020 मध्ये करोना आला, फेऱ्या थांबल्या, कंपनी बसली, आणि त्याच वर्षी ती बोट अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. धक्का मात्र इथेच राहतो. त्यावर घातलेला जनतेचा पैसा इथेच राहतो. बोट आपली गरज भागत नसली तर तोंड फिरवून जाते. शहराला तोंड फिरवता येत नाही, म्हणून अटी शहराने घालायच्या असतात, आणि त्या सुरुवातीला, बोटींना आपण हवे असतो तेव्हा. 10 लाख प्रवासी येऊ लागल्यावर कोण कुणाचं ऐकणार?

पहिली अट माझ्या मनात विजेची आहे. धक्क्यावर तार आणून बोटीला वीज द्यायची आणि तिचा जनरेटर बंद ठेवायचा. यात नवलाचं काही नाही, ज्युनोमध्ये 2001 पासून क्रूझ बोटींना तशी वीज मिळते, तीही जलविद्युत. युरोपात 2030 पासून मोठ्या बंदरांत प्रवासी बोटींना ती घ्यावीच लागेल. आपल्याकडेही 2023 च्या 'हरित सागर' मार्गदर्शक सूचनांत किनाऱ्यावरून वीज देण्याची गोष्ट आहे; पण सूचना वेगळी आणि अट वेगळी. कुणी म्हणेल, वीज तरी कुठून येते, ट्रॉम्बेला कोळसाच जळतो, तोही आमच्याच शहरात. बरोबर आहे. पण वीज उद्या उन्हापासून, वाऱ्यापासून येऊ शकेल. काळं तेल उद्याही काळंच.

दुसरी गोष्ट मी अट म्हणून मांडत नाही, मागणं म्हणून मांडते. लहान बोटी आणा. दोन-तीनशे माणसांच्या, ज्या जयगडला, विजयदुर्गला, मालवणला थांबू शकतील, ज्यांना गाव लागेल. मला ठाऊक आहे की त्यात पैसा कमी सुटतो. एका मोठ्या बोटीत माणशी खर्च उतरतो, म्हणून तर बोटी फुगत गेल्या. पण मग तो उतरलेला खर्च कुणाच्या अंगावर चढतो, तेही लिहून दाखवा. बाबा असते तर म्हणाले असते, उतरलेला माल लिहितोस तसा चढलेलाही लिही, नाहीतर टॅली जुळत नाही.

आम्ही परतीचं तिकीट बोटीचं काढलंच नव्हतं. मुरगावला उतरलो, गाडी केली आणि मालवणला निघालो. म्हणजे पहाटे ज्याच्यावरून पुढे गेलो होतो, तिथेच तीन तास रस्त्याने मागे आलो. बांद्यापाशी चहा घेतला, सावंतवाडीचा फाटा, कुडाळ, मग मालवणचा वळणावळणाचा रस्ता. मावशी अंगणात उभीच होती.

मावशीच्या मुलाची न्याहारी-निवासची दोन खोल्यांची सोय आहे. पर्यटन म्हणजे काय ते तिथे मला अगदी जवळून दिसतं, त्याची बरी बाजूही आणि वाईटही. पुण्याचं एक कुटुंब उतरलेलं होतं. मावशी त्यांच्यासाठी सरंग्याची आमटी करत होती, मासा सकाळी समोरच्या रापणीत मिळालेला. खोबरं मागच्या माडाचं. कोकमाचं आगळ ते जाताना चार बाटल्या घेऊन जाणार, शेजारच्या घरची. त्यांना किल्ल्यावर नेणारा होडीवाला मावशीच्या दिराचा मुलगा. एका कुटुंबाचे दोन दिवस त्या वाडीत किती घरांत फिरले ते मी मोजत बसले, टॅली क्लार्कची मुलगी म्हणून. पाच घरं भरली. आणि त्याच संध्याकाळी बंदरावर गाड्यांची रांग, समुद्रात स्कूबावाल्यांच्या बोटींची दाटी, वाळूत चिप्सची पाकिटं, आणि मावशीची काळजी की एप्रिल-मेमध्ये विहीर पुरेल का. मालवणलाही हळूहळू लागतेच आहे. मावशीच्या मुलाने यंदा तिसरी खोली बांधायची नाही असं ठरवलंय. विहिरीने ठरवलं, असं तो म्हणतो.

रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, बंदरावर जाऊया. आम्ही तिघी हळूहळू चालत गेलो. ओहोटी होती, खडक उघडे पडले होते, सिंधुदुर्गाचा तट काळ्या रेघेसारखा दिसत होता. पडाव कुठे लागायचे, शिडीवरून उतरलेली माणसं कुठून चालत यायची, यावर दोघी बहिणींचा थोडा वाद झाला. मावशी सांगत होती ती जागा आता सिमेंटखाली गेली आहे.

नवाच्या सुमाराला क्षितिजावर उजेड दिसला. एक लांबट, पिवळा ठिपका, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारा. सकाळी आम्ही जिच्यातून उतरलो होतो ती संध्याकाळी गोव्याहून परत निघणार होती.

"अगो, ती बघ आमची बोट," आई मावशीला म्हणाली. तिने हात वर केला, आणि तो तसाच धरून ठेवला.

मावशीने पदराने चष्मा पुसला आणि नीट बघितलं.

"चल अक्का," ती म्हणाली. "ती काय थांबाची नाय."

आई मात्र ठिपका किल्ल्याआड जाईपर्यंत उभी राहिली.